डुंगरवाडीचे आकाश

मुंबईच्या जुन्या मराठीत ‘सोनापुरास जाणे’ याचा अर्थ मरणे असा होता. स्थळनामाचाच वाक्प्रचार व्हावा, इतके ते ठिकाण शहराच्या बोलण्यात मुरलेले होते. आजच्या मरीन लाइन्सच्या परिसरात, तेव्हाच्या समुद्रकाठी, हिंदूंची दहनभूमी आणि मुसलमानांचे कब्रस्तान शेजारीशेजारी वसले होते. शहर वाढले, गोऱ्या साहेबांच्या बग्ग्या त्या रस्त्याने फिरू लागल्या, आणि धुराची व दुर्गंधीची तक्रार सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने ही स्मशानभूमी दूर शिवडीस हलविण्याचा बेत केला, तेव्हा नाना शंकरशेट यांनी हिंदू समाजाची बाजू घेऊन तो हाणून पाडला. मृताला खांद्यावरून वाहून न्यावयाचे असते, याचे भान आरोग्यखात्याच्या नकाशाला नव्हते, नानांना होते. गिरगावातला गरीब माणूस प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालणार कसा, हा धर्मशास्त्राइतकाच व्यवहाराचाही प्रश्न होता.

शिवडीला पुढे युरोपीय ख्रिश्चनांची दफनभूमी झाली. जेथे ती झाली तेथे आधी एक वनस्पतिउद्यान होते. ते दफनभूमीसाठी गेले आणि भायखळ्याकडे जी नवी बाग उभी राहिली, तीच १८६२ साली उघडलेली राणीची बाग, म्हणजे आजचे जिजामाता उद्यान. मृतांनी बाग घेतली आणि जिवंतांना दुसरी बाग व पुढे प्राणिसंग्रहालय मिळाले, असा हा व्यवहार. मृतांच्या जागेबद्दलचे बहुतेक तंटे शेवटी असेच मिटतात किंवा चिघळतात, कारण त्यांचा विषय मोजता येण्याजोगा असतो. इतके एकर, इतके अंतर, अमुक भिंत. २०२४ सालीही गोवंडी-देवनार भागातील मुसलमानांना कब्रस्तानासाठी जागा मिळत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला महापालिकेची कानउघाडणी करावी लागली. तो वादही जमिनीचाच होता.

मलबार टेकडीवरील डुंगरवाडीचा इतिहास मात्र या चौकटीत बसत नाही. तेथे जमीन होती, आजही आहे, आणि तिच्यावरचा हक्क मूलतः कोणी हिरावून घेतलेला नाही. हरवले ते दुसरेच काही.

मुंबई इंग्रजांच्या हाती आल्यानंतर थोड्याच वर्षांत, १६७० च्या दशकात, मोदी हिरजी वाछा यांनी या टेकडीवर पारशांचा पहिला दख्मा बांधविला, अशी परंपरा आहे. त्याच दशकात मुंबईत आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानेही टेकडीच्या माथ्यावर नुकत्याच उभ्या राहिलेल्या पारशी ‘थडग्या’ची नोंद केली आहे. थडगे हा त्याचा शब्द अज्ञानाचा खरा. पण त्यामुळेच तो साक्षीदार विश्वासार्ह ठरतो, कारण त्याने जे पाहिले ते न समजता लिहिले. तेव्हा ही टेकडी गावाबाहेरचे रान होती. पुढे एकूण पाच दख्मे झाले आणि भोवतीची जमीन सुमारे ५४ एकरांपर्यंत पोचली. इंग्रजीत या वास्तूंना ‘टॉवर ऑफ सायलेन्स’ हे काव्यमय नाव पडले. ते देण्याचे श्रेय सरकारी भाषांतरकार रॉबर्ट मर्फी यांना दिले जाते. पारशी माणूस मात्र साधे ‘डुंगरवाडी’ म्हणतो, टेकडीवरची वाडी.

दख्म्याची रचना वर्तुळाकार आणि वरून उघडी असते. आत दगडी फरसबंदीवर तीन वलये असतात: बाहेरचे पुरुषांसाठी, मधले स्त्रियांसाठी, आतले मुलांसाठी, आणि केंद्रस्थानी अस्थींसाठी खोल विहीर. श्रीमंताला वेगळी जागा नाही, गरिबाला कमी नाही. अग्नी, पृथ्वी आणि जल ही पवित्र तत्त्वे शवाने विटाळू नयेत, म्हणून देह या तिन्हींना न देता पक्ष्यांना द्यावयाचा, ही त्यामागची धर्मदृष्टी. हिरोडोटससारख्या ग्रीक इतिहासकाराच्याही कानी प्राचीन इराणातील ही चाल गेली होती. नसेसालार शव आत ठेवून बाहेर पडत आणि मग गिधाडे उतरत. मोठा थवा असला तर तास-दोन तासांत केवळ हाडे उरत, ती पुढे उन्हाने वाळत. थोड्या जागेत शेकडो वर्षे असंख्य मृतांची व्यवस्था लावणारी याहून काटकसरीची पद्धत सापडणे कठीण. परंतु ती सर्वस्वी एका तिसऱ्या घटकावर उभी होती. मृताचे आप्त, धर्मगुरू, पंचायत, सरकार या सर्वांशी बोलता येते, भांडता येते. गिधाडाशी कोणताही करार झालेला नव्हता. ते फक्त येत होते.

पारशी अंत्यविधीत दुसराही एक प्राणी आहे, कुत्रा. मृताच्या मुखाकडे कुत्र्याची दृष्टी पडावी यासाठी ‘सगदीद’ हा विधी केला जातो. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलिसांनी भटक्या कुत्र्यांच्या संहाराची मोहीम नेहमीच्या मुदतीपुढे लांबविली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्यामुळे मारेकरी लोकांच्या अंगणातून कुत्री ओढून नेऊ लागले. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, फोर्टातील व्यवहार थांबले, हिंदू आणि मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. मुंबईच्या इतिहासात ही ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखली जाते, आणि पुष्कळ लेखक ती गंमत म्हणून सांगून पुढे जातात. ते योग्य नव्हे. शहरातील जनावरे ही केवळ स्वच्छतेची बाब आहे असे मानणारी राज्यसंस्था आणि ती आपल्या मृत्यूच्या व्यवस्थेत सहभागी आहेत असे मानणारा समाज, यांच्यातला तो पहिला उघड सामना होता.

कुत्र्याला निदान घरात जागा होती. गिधाडाला आपल्या भाषेनेही कधी प्रतिष्ठा दिली नाही. ‘गिधाडासारखे टपून बसणे’ हा मराठीत शिवीच्या जवळ जाणारा प्रयोग आहे. पुराणपरंपरा याहून उदार होती. रामायणात जटायूचा अंत्यविधी स्वतः राम करतो. माणसाने गिधाडाला अग्नी दिल्याचे ते विलक्षण उदाहरण आहे. महाभारताच्या शांतिपर्वात एक आख्यान आहे. स्मशानात मृत बालकाला घेऊन बसलेल्या आप्तांना गिधाड ‘सांजेआधी घरी परता’ असे सांगते, तर कोल्हा ‘थांबा, आशा सोडू नका’ असे विनवितो. दोघांची वाणी वैराग्याची आणि करुणेची. दोघांचा हेतू भुकेचा, कारण दिवस गिधाडाचा आणि रात्र कोल्ह्याची. व्यासांच्या या कथेत प्राण्यांचे स्वार्थ स्पष्ट आहेत आणि तरीही ते स्मशानाचे रीतसर रहिवासी आहेत. आधुनिक नगररचनेला ही कल्पनाच सुचलेली नाही.

टेकडीवर बंगले आले, त्यांच्या जागी इमारती आल्या. डुंगरवाडीलगतच्या जलाशयात पक्ष्यांच्या चोचीतून मांसाचे तुकडे पडतील या भीतीने तो झाकून त्यावर हँगिंग गार्डन केले, असे मुंबईत परंपरेने सांगितले जाते. ही हकीकत खरी असो वा रचलेली, नव्या शेजाऱ्यांच्या मनातील बेचैनी तिच्यात नेमकी उतरली आहे. उंच मजल्यांच्या खिडक्या वाढल्या तशी वाडीभोवतीची झाडी पडद्याचे काम करू लागली. आज दक्षिण मुंबईच्या महागड्या जमिनीच्या मधोमध मोर नांदतात असे हे रान टिकले, ते मृतांमुळे. कोणत्याही उद्यानखात्याला ते जमले नसते.

आणि याच काळात पक्षी गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी गिधाडांची संख्या कोसळत असल्याचे नोंदविले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. आरंभी एखाद्या साथीचा संशय होता. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनाने खरे कारण उघड केले. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. औषध स्वस्त झाले, गोठ्यागोठ्यात पोचले आणि आभाळ रिकामे झाले. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या म्हणून २०१५ साली कुपीचा आकार तीन मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला हे उपाय फार उशिरा पोचले. गिधाडांनी सोडलेल्या मांसावर भटकी कुत्री पोसली गेली आणि त्यांच्यामागोमाग रेबीज वाढला. १८३२ साली ज्यांच्यासाठी दुकाने बंद झाली होती, त्या प्राण्याचे हे पुनरागमन कोणालाच नको होते.

डुंगरवाडीत घारी आणि कावळे उरले. ते गिधाडाचे काम करू शकत नाहीत. पारशी पंचायतीने दख्म्यांवर सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसविले. उन्हाळ्यात त्यांचा उपयोग होतो. मुंबईच्या पावसाळ्यात होत नाही. २००६ साली दख्म्याच्या आतील, न विघटित झालेल्या देहांची छायाचित्रे समाजात फिरली आणि ज्या गोष्टीकडे पाहू नये असा शतकांचा संकेत होता ती सर्वांनी पाहिली. तेथेच गिधाडांसाठी मोठा पक्षिगृह बांधून त्यात बंदिस्त पैदाशीतील पक्षी ठेवावेत, अशी योजना दोन वेळा, शतकाच्या वळणावर आणि पुन्हा २०१२ च्या सुमारास, पुढे आली. तिच्या वाटेतला धोंडा जमिनीचा नव्हता. मृताने अखेरच्या दिवसांत डायक्लोफेनॅक घेतले नव्हते, याची हमी कोण देणार, हा होता. मरणासन्न माणसाच्या वेदना कमी करणारे औषध त्याच्या अंत्यविधीला विष ठरावे, असा हा पेच. आणि त्यात दोष कोणाचाही नाही. पक्षिगृह झालेच नाही.

मग समाजातच दोन पक्ष पडले. काही पारशी कुटुंबांनी दहनाचा मार्ग धरला. अशा दहनप्रसंगी प्रार्थना म्हणणे हे ज्यांच्यावरील एक आक्षेपाचे कारण होते, अशा दोन धर्मगुरूंना २००९ साली पंचायतीने डुंगरवाडीत विधी करण्यास मनाई केली. प्रकरण उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१५ साली तडजोडीने मिटले. त्याच वर्षी वरळीच्या दहनभूमीत पारशांच्या विधींसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. २०२२ साली सायरस मिस्त्री आणि २०२४ साली रतन टाटा यांचे अंत्यसंस्कार वरळीलाच झाले. जे.आर.डी. टाटा १९९३ साली पॅरिसमध्ये दफन झाले होते, पण तो परदेशातील मृत्यू होता. वरळीचा निर्णय डुंगरवाडीपासून काही मैलांवर घेतला गेलेला होता, म्हणून त्याचे वजन वेगळे.

परंपरानिष्ठांचा युक्तिवाद दुबळा नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. त्यांच्या मते विधीचे सार गिधाडात नसून ‘खुर्शेद निगेरश्नी’त, देहावर सूर्याची दृष्टी पडण्यात आहे. पक्षी हे साधन होते. साधन गेले तरी विधी उरतो. सुधारणावादी विचारतात की इराणातील जरथुष्ट्री समाजाने विसाव्या शतकात दख्मे सोडून दफन स्वीकारले, दिल्लीचे पारशी दफनच करतात, मग मुंबईनेच का अडून बसावे? याला उत्तर आकड्यांत आहे. २००१ च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. एवढ्या वेगाने घटणाऱ्या समाजाला प्रत्येक विधी हा आपल्या अस्तित्वाचा पुरावा वाटतो. परंपरानिष्ठांचे भय धर्मभ्रष्टतेचे जेवढे, तेवढेच विरून जाण्याचे आहे. सुधारकांना ते नेहमीच ऐकू आले आहे असे म्हणवत नाही.

कोविडच्या साथीत मृतदेह जाळावा किंवा पुरावा, तिसरा मार्ग नाही, असा सरकारी दंडक होता. सुरतेच्या पारशी पंचायतीने त्याला आव्हान दिले. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा ज्येष्ठ विधिज्ञ फली नरिमन समाजाच्या बाजूने आणि महान्यायअभिकर्ता तुषार मेहता सरकारच्या बाजूने उभे होते. २०२२ च्या फेब्रुवारीत दोन्ही पक्षांना मान्य अशी कार्यपद्धती न्यायालयाने स्वीकारली. दख्म्यात देह ठेवावा, सूर्याने तो वाळू द्यावा. आणि संसर्ग पसरू नये म्हणून वरच्या उघड्या तोंडावर धातूची जाळी बसवावी, म्हणजे एकही पक्षी आत उतरणार नाही.