शिष्यत्वाची किंमत (ख्रिस्ती)

येशूचे अनुयायित्व पूर्णतः स्वीकारणाऱ्याला कुटुंब, मालमत्ता, प्रतिष्ठा आणि प्रसंगी प्राण यांवर पाणी सोडावे लागते, या ख्रिस्ती विचारास ही संज्ञा लावतात. तिचा मुख्य आधार लूकच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय असून, बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त तेथेच येतो. जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ मध्ये शिष्यत्वाशिवाय मिळेल असे मानलेली स्वस्त कृपा व शिष्यत्वाची किंमत मागणारी महाग कृपा असा भेद मांडला. १९४५ मध्ये नाझी राजवटीने त्याला फाशी दिले.

महाराष्ट्रात ही किंमत प्रामुख्याने जात आणि घर यांच्या रूपाने मोजावी लागली. धर्मांतरितांचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने शाबूत राहिला, तरी पंक्तिव्यवहार, म्हणजे जातबांधवांबरोबर एका पंक्तीत जेवण्याचा संबंध, कायद्याने परत मिळण्यासारखा नव्हता. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराने होणारा धर्मप्रवेश, घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून सुमारे पाच वर्षे दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून दिसते की, श्रद्धा एकाची असली तरी तिची झळ ती न मागणाऱ्यालाही सोसावी लागते. शिष्यत्वाची चर्चा करणारे लेखक ही बाजू बहुधा विसरतात. पुढे टिळकांनी अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रसारक संस्थेकडून मिळणारा पगारही सोडला आणि ख्रिस्ती संन्यासाची वाट धरून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापला.