जळण, वीज आणि सरकारी तिजोरी



नागपूरकरांस गिरणीची चिमणी नवी नाहीं. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांनीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस, पाणी, रेल्वे आणि जळण हीं चारी जवळ होतीं म्हणून. जळण स्वस्त तर धंदा शक्य, हें गणित तेव्हांपासूनचें आहे.

पुढें जळणाची जागा विजेनें घेतली. कोराडी व खापरखेडा येथें कोळसा जळतो, राख आसपासच्या गांवांवर पडते. महावितरणचा दर मात्र राज्यभर एकच. शेजारच्या छत्तीसगडांत वीज स्वस्त पडे, ही येथील कारखानदारांची तक्रार होती. अखेर २०१६ सालीं राज्य सरकारनें विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र येथील उद्योगांना विजेच्या बिलांत सवलत दिली. तिची मर्यादा वर्षाला १२०० कोटी रुपये ठरली.

मागणी न्याय्य होती. तथापि ही रक्कम करदात्यांची आहे. एम्प्रेस मिल १९८६ सालीं सरकारनें हातीं घेतली, तरी २००२ सालीं ती बंद पडलीच. म्हणून बुटीबोरी आणि हिंगण्यास किती हातांना काम मिळालें व टिकलें, यावरच सवलतीचें मोल ठरवावें. घेणाऱ्यानें तो हिशेब द्यावा आणि आपणहि तो मागावा.