कूटबद्ध विभागाचा शिक्का

लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये एखाद्या कुलूपबंद विभागावर टिचकी मारावी, परवलीचा शब्द विचारणारी चौकट उघडावी आणि तो देताच आतील दस्तऐवज हाती यावेत, हा व्यवहार आज इतका अंगवळणी पडला आहे की, त्यासाठी अधिकाराचा आणि ओळखीचा अशा दोन प्रश्नांचा निकाल आधी लागावा लागला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

अधिकाराचा प्रश्न जुना. डिस्क माउंट करण्याची, म्हणजे वापरासाठी जोडण्याची, मुखत्यारी एकट्या रूट या सर्वाधिकारी खात्याची. इतरांना ती हवी असल्यास रूटने एफएसटॅब नामक फाइलीत तशी सनद आगाऊ लिहून ठेवायची. ओळखीचा प्रश्न अधिक नाजूक होता. क्रिप्टोलूप या पद्धतीत कूटबद्ध विभागावर कोणतेच चिन्ह नसे, आणि परवलीचा शब्द चुकला तरी यंत्रणा तो निमूटपणे स्वीकारून निरर्थक बाइट पुढे करी. अशा विभागाकडे पाहून फाइल मॅनेजरने काय ओळखावे, आणि विचारावे तरी काय?

२००४ साली क्रिस्तोफ साउत यांचे कूटबद्धीकरणाचे डीएम-क्रिप्ट लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाले. परंतु खरी कलाटणी दिली ती व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फ्रुह्विर्थ यांच्या लक्स या रचनेने. लखोट्यातील मजकूर गुप्त असला तरी वरचा शिक्का सर्वांस दिसावा, त्याप्रमाणे लक्सने विभागाच्या प्रारंभी सहा बाइटांची उघड खूण ठेवली. विदा कूटबद्ध करणारी मुख्य किल्ली एकच. ती परवलीच्या शब्दातून निपजलेल्या किल्लीने झाकून आठांपैकी एखाद्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे शब्द बदलला तरी सारी डिस्क पुन्हा लिहिणे नको. त्याहून मार्मिक युक्ती पुढची आहे. डिस्क नादुरुस्त सेक्टरांचा मजकूर परस्पर दुसरीकडे हलविते व जुनी प्रत मागे राहू शकते, सबब रद्द केलेली किल्ली खरोखर पुसली गेल्याची हमी कोण देणार? फ्रुह्विर्थ यांनी किल्लीचे साहित्य चार हजार पट फुगवून असे पसरले की, त्यातील एक तुकडा नष्ट झाला तरी उरलेल्यांतून किल्ली परत जुळू नये.

शिक्का दिसू लागल्यावर पुढचे काम कारकुनी होते. आधी हॅल आणि नंतर यूडिस्क्स, हे पडद्याआडचे कारभारी तो वाचू लागले; नॉटिलस वा डॉल्फिन या फाइल मॅनेजरांनी शब्द विचारून त्यांच्या हवाली करायचा, आणि परवानगीचा निवाडा पोलकिटने द्यायचा. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्यास यूएसबीवरील विभाग बेलाशक उघडता येतो, पण अंतर्गत डिस्कसाठी बहुधा प्रशासकाचा परवाना लागतो, हा भेद मला शहाणपणाचा वाटतो. शब्द कायमचा लक्षात ठेवण्याची सवलत मात्र तितकीशी नाही. तिने लॉगिनचे आणि विभागाचे अशा दोन कुलपांचे व्यवहारात एकच कुलूप होते.

ट्रूक्रिप्ट आणि तिची वारस व्हेराक्रिप्ट यांनी शिक्का जाणूनबुजून नाकारला, कारण विभाग कूटबद्ध आहे हेच नाकबूल करता यावे, हा त्यांचा हेतू होता. त्यामुळे यूडिस्क्सला अशा अनोळखी विभागाविषयी केवळ संशय घेता येतो, आणि तोही प्रशासकाने त्यासाठी ठरावीक नावाची एक फाइल, रिकामी का होईना, मुद्दाम ठेवली असेल तरच.