गाविलगड : भग्नतेचा इतिहास

चिखलदऱ्याच्या सहलीत आपले विद्यार्थी गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाचे छायाचित्र काढतात आणि परततात. गडाची कथा मात्र तिथेच राहते.

गवळ्यांचे नाव मिरवणारा हा गड बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ मध्ये बांधला. अनेक सत्तांतरांनंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले. आतला कोट मात्र अभंग होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग व किल्लेदार दोघेही वेशीजवळच्या प्रेतांच्या राशीत सापडले. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघूजींनी देवगावचा तह केला. कटक गेले, वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला. गड तेवढा परत मिळाला.

पुढे १८५८ मध्ये, तात्या टोपे यांना आश्रय मिळू नये म्हणून, इंग्रजांनी तटबंदी पाडली. म्हणजे ही भग्नता केवळ काळाची करणी नव्हे.

बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी याच लढाईवर आहे. तिचा नायक अर्थातच इंग्रज. वेशीत पडलेल्यांची बाजू मांडण्याचे काम आपल्या भाषेचे आहे.