लंकेचा चिरूट आणि कयाधूचा गाळ

चिरूट हा शब्द मराठीत इतका रुळलाय की परका वाटतच नाही. मूळ तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळलेलं. इंग्रजांनी त्याचं ‘चेरूट’ केलं आणि आपल्याकडे तो चिरूट म्हणून राहिला. दक्षिणेतल्या छावण्यांमध्ये साहेब लोकांच्या तोंडात हाच असायचा. हिंगोलीलाही अशी छावणी होती. निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेली ती फौज 1903 मध्ये मोडली, तोवर हिंगोली हे तिचं मोठं ठाणं होतं.

या छावणीच्या बाजारात आलेला माल नेमका कुठला, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नसे. मेडोज टेलरने 1839 च्या आपल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत इथल्याच हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिलीय. छावणीतले साहेब त्याच्याकडून माल घेत. हा प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला. दुसऱ्या व्यापाऱ्याला मारून त्याचं कापड त्याने परवाना दाखवून इथेच विकलं होतं!

आता चिरूटाचं मूळ शोधू. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘लुंका’ असा शब्द आहे. मद्रास इलाख्यात नावाजलेला एक कडक चिरूट, आणि नाव पडलं गोदावरीच्या मुखाजवळच्या बेटांवरून. तेलुगूत नदीतल्या बेटाला लंका म्हणतात (रावणाचा इथे संबंध नाही). चारच वर्षांनी, 1890 मध्ये, कॉनन डॉयलने ‘द साइन ऑफ फोर’मध्ये शेरलॉक होम्सच्या तोंडी हा लुंका घातला. होम्सने 140 प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर प्रबंध लिहिलेला असतो. त्रिचनापल्लीच्या चिरूटाची काळी राख त्याला नजरेनेच ओळखू येते.

राखेवरून पारख ही नुसती कादंबरीतली गंमत नाही. जाणकार आजही आधी राखच बघतात. फिकट आणि न ढासळणारी राख चांगली समजतात. राख काळी म्हणजे त्यात न जळलेला कार्बन उरलाय. पान नीट जळायला पोटॅशियम मदत करतं, क्लोरीन अडवतं. पानात क्लोरीन दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की चिरूट सारखा विझतो. म्हणजे राख बघणारा माणूस नकळत मातीची परीक्षा करत असतो.

बारीक चिरूटात तर ही परीक्षा जास्तच कडक होते. सिगारची जाडी इंचाच्या 64 व्या भागांत मोजतात. 32 मापाचा सिगार बरोबर अर्धा इंच, आणि आज दुकानात सर्रास दिसणारा 50 मापाचा त्याहून बराच जाड. परीघ भागिले क्षेत्रफळ असा हिशोब मांडला तर बारक्यात आतल्या भरण्याच्या तुलनेत बाहेरच्या पानाचा वाटा जवळपास दीडपट निघतो. बाहेरचं पान हलक्या प्रतीचं असेल तर ते लपत नाही. वर झुरके भराभर घेतले की बारीक सिगार लगेच तापतो आणि कडवट होतो. म्हणून चव घेणारे मिनिटाला एखादाच झुरका घेतात, धूर तोंडातच फिरवून सोडतात. (छातीत धूर न घेतल्याने तो निरुपद्रवी होत नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडातूनच रक्तात शिरतं, आणि तोंडाचा कॅन्सर होतोच.)

लंकेच्या पानाचं कौतुक करणारे श्रेय बेटांच्या मातीला देत. पुराचं पाणी दरवर्षी नवा गाळ टाकून जाई, पूर ओसरला की त्याच ओलीवर तंबाखूची लागवड होई. पण हा गाळ येतो कुठून? माझं काम गाळावरचं, त्यामुळे मला चवीपेक्षा हा प्रश्न जास्त ओढतो. गोदावरीच्या गाळातल्या निओडिमियमच्या समस्थानिकांवरून तो दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा आहे की पूर्वेकडच्या जुन्या खडकांचा, हे वेगळं काढता येतं. आणि त्यात दख्खनचा वाटा मोठा आहे. गेल्या काही हजार वर्षांत तो वाढत गेला, कारण पाऊसमान घटून झाडोरा विरळ झाला आणि शेती पसरली.

हिंगोलीची कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. पुढे वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. औंढा-वसमतकडचं पाणी पूर्णेतून जातं. छावणीतल्या साहेबाने लुंका पेटवला असेल, तर त्याच्या बोटांमधल्या पानात याच खोऱ्यातल्या कुणाच्या तरी बांधावरून वाहून गेलेली माती असण्याची शक्यता चांगलीच आहे. तिचा भाव लंकेत झाला. इथल्या शेतकऱ्याकडे उरला मुरूम.

आता ही वाटही अडली आहे. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर आणि खालची धरणं गाळ धरून ठेवतात. 1970 च्या दशकाशी तुलना केली तर 1990 च्या दशकात गोदावरीच्या मुखाशी पोचणारा गाळ निम्म्याहून कमी झाला होता, आणि तिथला किनारा काही ठिकाणी समुद्र खातोय. इकडे आपली माती धरणाच्या तळाशी साचतेय. उन्हाळ्यात पाणी आटलं की काही शेतकरी ती ट्रॅक्टरने उचलून पुन्हा शेतात टाकतात.