अंश आणि छेद

दिवाळी सरली की ओळखीपाळखीतली दोन-तीन मुलं हमखास एक कागद पाठवतात. ‘काका, जरा नजर टाका ना.’ कागद म्हणजे परदेशातल्या किंवा इथल्याच एखाद्या विद्यापीठात अर्ज करताना लिहायचा निबंध, एसओपी. पूर्वी हे सगळे कागद कॉम्प्युटरवाल्यांचे असत. हल्ली ‘शिक्षण धोरण आणि मूल्यमापन’ या विषयाला अर्ज करणारेही भेटतात. कुणी वस्तीवर दोन वर्षं शिकवून आलेलं असतं, कुणी संस्थेत काम केलेलं असतं. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण निबंध मात्र बहुतेक एकाच साच्यातले. लहानपणापासून शिक्षणाची आवड, मग एक हृदयस्पर्शी प्रसंग, मग ‘मला बदल घडवायचा आहे’.

अशा वेळी मी त्यांना एक जुना कागद वाचायला सांगतो. तोही एका अर्थी अर्जच आहे. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. लिहिणारे जोतीराव फुले.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं सरकारी धोरण ठरलं. त्याची अंमलबजावणी कितपत झाली हे तपासायला व्हाइसरॉय रिपन यांनी फेब्रुवारी १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमलं. म्हणजे आजच्या भाषेत धोरणाचं मूल्यमापनच की! कमिशनने ठिकठिकाणच्या लोकांच्या साक्षी आणि निवेदनं घेतली. त्यात फुल्यांचं हे इंग्रजी निवेदन.

आता ते एसओपी म्हणून वाचून बघा. सुरुवातीलाच फुले आपल्या अनुभवाची हद्द सांगून टाकतात: मुख्यतः पुणे आणि आसपासची खेडी, बस्स. मग काय काम केलं ते. मुलींची शाळा काढली, तिथे आपण आणि पत्नीने मिळून बरीच वर्षं शिकवलं. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली. ‘क्रांती’ वगैरे शब्द नाहीत. उलट त्या दुसऱ्या शाळेबद्दल ते लिहितात की ती अजून चालू आहे, पण तिची अवस्था समाधानकारक नाही. स्वतः लावलेल्या झाडाबद्दल सरकारी कमिशनपुढे असं सांगायला किती धीर लागत असेल!

पण मला खरं मोल वाटतं ते त्यांच्या आकड्यांचं. फुले लिहितात, इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काही सोयच नाही असं म्हणतात. आणि पुण्याबद्दल: महार-मांगांची वस्ती ५,००० च्या वर, त्यांच्यासाठी शाळा एक, आणि तिथली हजेरी ३० मुलांच्याही आत.

हे दोन आकडे शेजारी ठेवणं ही साधी गोष्ट नाही. सरकारी अहवालात काय असतं? शाळा इतक्या, पटावर मुलं इतकी, गेल्या वर्षीपेक्षा वाढ इतकी. शाळा वाढल्यात हे फुलेही मान्य करतात. पण लगेच विचारतात, गरज किती होती? आपण शाळेत अपूर्णांक शिकलो, वर अंश, खाली छेद. खातं अंश मोजत होतं, या माणसाने छेद समोर ठेवला. ५,००० मध्ये मोठी माणसंही आली, त्यामुळे आजच्या संख्याशास्त्राच्या मास्तरांना हा छेद ढोबळ वाटेल. वाटू दे. प्रश्न तर बरोबर होता.

आणि छेद मोजून ते थांबत नाहीत, कारणही सांगतात. महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत म्हणून ती शाळेबाहेर राहतात. कुणब्याचं पोर येत नाही कारण घरात दारिद्र्य आहे आणि गुरं राखायला, शेत बघायला त्याची गरज आहे. आणि सरकारचा महसूल मात्र याच रयतेच्या घामातून येतो.

आता गंमत बघा. त्याच काळात इंग्लंडमध्ये मूल्यमापनाचा वेगळाच प्रयोग चालू होता. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी ‘निकालाप्रमाणे पैसे’ ही पद्धत आणली. तपासनीस यायचा, वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घ्यायचा. पोरगं एका विषयात नापास झालं की शाळेच्या अनुदानातले दोन शिलिंग आठ पेन्स गेले. परिणाम व्हायचा तोच झाला. पोरं वाचनाचं पुस्तक चक्क पाठ करू लागली. कवी मॅथ्यू अर्नल्ड तेव्हा शाळा तपासनीस होते, ते या पद्धतीवर टीका करत राहिले.

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदानाची ही पद्धत आलीच होती. फुल्यांचं म्हणणं असं की गरीब, अडाणी समाजात तिचा उपयोग नाही. तिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तेव्हा निकालाच्या भरवशावर तिथे शाळा काढून कोणता मास्तर पोट भरणार? मात्र जास्त मुलं पास करणाऱ्या खेड्यातल्या मास्तराला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असंही ते सुचवतात. फरक लक्षात आला का? आधी पोटापुरता पक्का पगार (किमान १२ रुपये, असा आकडाही ते देतात), आणि बक्षीस त्याच्यावर. पोटालाच निकालाची दोरी बांधायची नाही. तपासणीबद्दलही तसंच: वर्षातून एकदा साहेब येऊन काय होणार, निदान तीन महिन्यांनी यावं, आणि मधूनमधून न कळवता यावं.

पुढे काय झालं? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यांची मागणी कमिशनने उचलली नाही. निकालावर अनुदानाची पद्धत कर्झनच्या काळात, १९०४ च्या सरकारी ठरावात निकालात निघाली. सक्तीच्या शिक्षणासाठी गोखल्यांनी १९११ साली आणलेलं विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झालं. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी देशभराचा कायदा झाला २००९ साली. १८८२ ते २००९. वजाबाकी तुम्हीच करा.

पण सरकारलाच कशाला नावं ठेवा? छेद लहान करून अपूर्णांक मोठा दाखवायची युक्ती आपल्या घरापर्यंत आलेली आहे. माझ्या नववीच्या वर्गातल्या पाच-सहा मुलांना ‘तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा’ असं सांगण्यात आलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के’ लिहिलं होतं. पेढे वाटले गेले. आकडा खोटा नव्हता हो! बसवले तेवढे सगळे पास झाले होते. ती पाच-सहा मुलं फक्त छेदात नव्हती. त्यातला एक आमच्या गल्लीतलाच. तो पेढे घ्यायला आला नाही.

म्हणूनच २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’च्या अहवालांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांचे कार्यकर्ते शाळेत नाही, घरोघरी जातात आणि घरातल्या मुलाला वाचायला देतात. त्यामुळे शाळेत नाव नसलेलं, किंवा नाव असून कधी न जाणारं मूलही मोजणीत येतं. त्यांच्या निष्कर्षांवर वाद घालता येईल, पण छेद उंबरठ्यापाशी जाऊन घेतलेला असतो.

मूल्यमापनाचं तंत्र विद्यापीठात शिकवतातच. नमुना कसा निवडायचा, तुलना कशी करायची, योगायोग कुठला आणि परिणाम कुठला. ते शिकावंच. पण कोणाला मोजायचं हा प्रश्न कुठल्याही सूत्रात नसतो, तो मोजणाऱ्याने सोबत न्यावा लागतो. जोतीरावांकडे पदवी नव्हती. त्यांना पुण्यातली ती वस्ती ठाऊक होती, आणि त्या एका शाळेत बसलेली तीस मुलं बघताना न आलेल्यांची आठवण होती.