जोडधंदा, पोटाचा धंदा आणि 'मॉडेल' नावाचं काम

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने मॉडेलिंगवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण वाशीम, कारंजा, रिसोडकडची मुलं-मुली आता आम्हाला हाच प्रश्न विचारतात. कुणी कॉलेज सांभाळून साडीच्या दुकानासाठी फोटो काढून घेतं, कुणी लग्नसराईत मेकअपवालीसमोर नवरी होऊन बसतं, चार पैसे मिळतात. मग विचारतात, "सर, हे आता पूर्णवेळ करावं का?" ऐकायला हा सल्ल्याचा प्रश्न वाटतो. आम्हाला मात्र त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आज इतिहासच सांगू.

सुरुवात आपल्या गावापासून करू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते इथेच. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या कितीतरी लेण्यांचं काम झालं. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं नाव आहे, कारण ते लेणं त्याने करवून घेतलं. आता बघा, त्या भिंतींवर राण्या आहेत, दासी आहेत, गवळी आहेत, भिक्षू आहेत. इतके जिवंत चेहरे चित्रकाराने माणसं न्याहाळल्याशिवाय आले नसणार. त्या माणसांचं नाव कुठेच नाही, चित्रकाराचंही नाही. कोरलं गेलं ते खर्च करणाऱ्याचं नाव. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

अजिंठ्यावरून मुंबईला जायची वाट सरळ आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला येऊन त्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. म्हणजे जे. जे.ची पोरं आपल्या वाकाटकांच्या भिंतीवर हात बसवत होती. पण युरोपीय पद्धतीच्या शिक्षणात भिंतीवरचं चित्र पुरत नाही, समोर हाडामांसाचा माणूस बसावा लागतो. १९१९ साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत तिथे लाइफ क्लास सुरू झाला आणि विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास होऊ लागला.

इथे आपल्याकडे मॉडेलच्या कामाला संस्थेचा आधार मिळाला. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, बसण्याचे पैसे. मग हे काम पूर्णवेळ झालं का? तासांच्या हिशोबाने काही बायकांनी आयुष्याची वर्षं त्यात घातली. पण घरी काय सांगायचं, शेजारी काय सांगायचं, हा पेच सुटला नाही. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला, तो याच पेचावर आहे. त्यातली यमुना मुलाला शिकवण्यासाठी हे काम करते आणि त्याच्यापासून लपवते. आदल्या वर्षी गोव्याच्या इफ्फी महोत्सवातल्या भारतीय विभागातून माहिती व प्रसारण मंत्रालयाने हा चित्रपट वगळला होता. म्हणजे कामावरची कथासुद्धा दारातच अडली, प्रत्यक्ष काम करणारीचं काय होत असेल! त्या वर्गांतून शिकलेल्यांपैकी कितीतरी चित्रकार नावारूपाला आले. समोर बसलेल्या बाईला हजेरीचे पैसे मिळाले आणि चित्राखाली सही दुसऱ्याची राहिली. पूर्ण वेळ दिला, पण पूर्णवेळ व्यवसाय झाला नाही. हे वाक्य पुन्हा म्हणतो, कारण आजचा सगळा मुद्दा त्यात आहे.

आता याच मुंबईतली दुसरी बाजू. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घराघरांत गेली. रविवर्मा आणि आपले महादेव विश्वनाथ धुरंधर या दोघांसाठीही ज्यांनी तरुणपणी मॉडेल म्हणून बैठक दिली असं सांगतात, त्या अंजनीबाई मालपेकर. मूळ गोव्याकडच्या, भेंडीबाजार घराण्याच्या गायिका. त्यांच्या रूपाची ख्याती होती, पण त्यांनी पोटाचा धंदा केला गळ्याचा. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कुमार गंधर्वांसारखा शिष्य त्यांच्याकडे शिकला. चित्रासाठी बसणं हा त्यांच्या आयुष्यातला जोडधंदाही म्हणता येणार नाही, एक प्रसंग म्हणा. रूप ओसरलं तरी विद्या राहिली आणि म्हातारपणी ती विद्याच मानाची ठरली.

पुढे चित्राची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि बाजार आला. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत आलेल्या त्या पहिल्या भारतीय चित्रपट अभिनेत्री. इथे नवं काय घडलं? चेहऱ्याला नाव होतं, आणि त्या नावाचे पैसे होते. पण ते नाव मिळालं होतं रंगभूमी आणि सिनेमातून. जाहिरात त्यावरची साय.

मग रीटा फारिया. मूळ गोव्याचं कुटुंब, मुलगी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकणारी. १९६६ साली मिस वर्ल्ड झाली, हा किताब मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. जगभरच्या जाहिराती आणि चित्रपट तिच्यापुढे हात जोडून उभे होते. तिने वर्षभर त्या किताबाची कामं केली आणि परत वैद्यकीय शिक्षणाकडे वळली, डॉक्टर झाली. लोक म्हणतात, संधी घालवली. आम्ही म्हणतो, तिच्या हातात दोन दारं होती म्हणून तिला निवड करता आली. एकच दार असणाऱ्याला निवड नसते, त्याला फक्त आत जावं लागतं.

१९९१ नंतर चित्र पालटलं. अर्थव्यवस्था खुली झाली, उपग्रह वाहिन्या आल्या, कपड्यांचे, बुटांचे, साबणांचे नवे ब्रँड आले. पुढे २००० साली इंडिया फॅशन वीक सुरू झाला. आता वर्षभर पुरेल इतकं काम एका माणसाला मिळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. आणि या लाटेच्या अग्रभागी आपल्या विदर्भातली मुलगी होती. नागपूरची मधू सप्रे, मूळची मैदानी खेळाडू. १९९२ साली मिस इंडिया आणि त्याच वर्षी मिस युनिव्हर्समध्ये तिसरी. देशाची नेता झालीस तर काय करशील, असं विचारल्यावर तिने खेळाचं मैदान उभारण्याची गोष्ट केली. खेळाडूच ती, दुसरं काय बोलणार! तिच्याबरोबरचा मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, शिक्षणाने इंजिनिअरिंगचा. या दोघांनी मॉडेलिंग खऱ्या अर्थाने पूर्णवेळ केलं.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीत हे दोघे अजगर आणि बूट एवढंच अंगावर घेऊन उभे राहिले. अश्लीलतेचा खटला झाला. निकाल लागला २००९ साली, निर्दोष सुटका! चौदा वर्षं. आरोपींत छायाचित्रकार होता, जाहिरात करणारे होते, छापणारे होते. पण आज तुम्हाला नावं कोणाची आठवतात? ज्यांचे चेहरे दिसले त्यांची. वराहदेवाच्या लेण्यात चेहऱ्याला नाव नव्हतं. इथे नाव मिळालं, आणि त्याबरोबर जोखीमही त्याच नावावर चढली.

कायद्याकडेही एकदा बघू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे छायाचित्र काढणारा. पैसे देऊन काढवून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर हक्क काढवून घेणाऱ्याचा. पुन्हा वराहदेवच! कलावंतांच्या हक्कांसाठी त्याच कायद्यात 'परफॉर्मर'ची व्याख्या आहे. तिच्यात नट, गायक, नर्तक, जादूगार, गारुडी आहेत, इतकंच काय, व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे आम्ही आत! मॉडेलचं मात्र तिथे नाव नाही, 'इतर कोणीही सादरीकरण करणारा' या शेपटात बसवता आलं तर बसवायचं. म्हणून मॉडेलचं संरक्षण मुख्यतः एका कागदात असतं, तो म्हणजे करार. फोटो कुठे वापरणार, किती दिवस वापरणार, पैसे कधी देणार, हे त्या कागदावर नसेल तर चेहरा तुमचा आणि हक्क दुसऱ्याचा.

इमॅन्युएल कांट सांगायचा की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा माणूस दुसऱ्याच्या कामाचं साधन असतोच, त्यात कमीपणा नाही. आम्ही वर्गात शिकवत होतो तेव्हा विद्यार्थ्यांच्या पदवीचं साधनच होतो. पण आम्हाला पगार होता, निवृत्तिवेतन आहे, आणि 'सर' म्हणणारी माणसं आहेत. जे. जे.तल्या बाईला यातलं काय मिळालं? मॉडेलिंगमध्ये देह उभा राहतो, म्हणून ते हलकं, असं मानणाऱ्यांनी हे स्वतःला विचारावं. काम हलकं नव्हतं. त्या कामाभोवती आपण जी व्यवस्था उभी केली, ती हलकी होती.

आता मूळ प्रश्नाकडे. पूर्णवेळ करावं का? आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगायला नको. सोयाबीनच्या जोडीला तूर पेरतो, दावणीला एखादी म्हैस ठेवतो. कारण पाऊस आपल्या हातात नाही. मॉडेलिंगमध्ये वय हाच पाऊस आहे, आणि तो ठरल्या वेळी थांबतो. इतिहासात ज्यांनी हे काम मानाने केलं त्यांच्याकडे दुसरं काहीतरी होतं. कुणाकडे गळा, कुणाकडे मैदान, कुणाकडे डॉक्टरकी. ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांनी त्यांच्याइतकेच, कदाचित जास्तच कष्ट केले, आणि तरी त्या कायम जोडधंद्यातच राहिल्या.

तेव्हा पोरांनो, तास मोजू नका. तीन गोष्टी मोजा. आपल्या नावाने काम येतंय का, की कुणाच्या तरी ओळखीने? हातात कागद आहे का? आणि उद्या फोन वाजला नाही तर परवाची भाकरी कुठून येणार, याचं उत्तर आहे का? तिन्हींना होकार असेल तर बिनधास्त पूर्णवेळ करा, आणि घरच्यांनी नाक मुरडलं तर त्यांना हे व्याख्यान ऐकवा. एकालाही नकार असेल तर थांबू नका, काम चालू ठेवा, पण पदवी, दुकान, शेत यांतलं काही सोडू नका. आणि 'पोर्टफोलिओ करून देतो' म्हणून जो आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, त्याच्यापासून चार पावलं लांब राहा. कामाचे पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.